गुण्या उजेडात धरून

ड्रॉइंगवर तीनच मापं होती. लहान व्यास ३० मिलीमीटर, निमुळत्या भागाची लांबी ५० मिलीमीटर आणि अक्षाशी कोन १० अंश. मोठा व्यास दिलेला नव्हता, तो काढायचा होता. समोर बसलेला मुलगा गेवराईकडचा, आयटीआय झालेला, वाळूजच्या एका लहान वर्कशॉपमध्ये तीन वर्षांपासून सीएनसी लेथवर ऑपरेटर. जॉब चकमध्ये धरायचा, सायकल सुरू करायची, माप घ्यायचं, ऑफसेट द्यायचा, हे त्याला आता डोळे मिटून जमतं. त्याला प्रोग्राम लिहायला शिकायचं होतं. ऑपरेटरचा सेटर आणि सेटरचा प्रोग्रामर झाला की पगार बदलतो आणि शॉपमध्ये हाक मारण्याची पद्धतही बदलते. त्याने मोबाइलवर टॅन १० काढलं, ५० ने गुणलं, ३० मध्ये मिळवलं आणि उत्तर दिलं, ३८.८२.

खरं उत्तर ४७.६३. जिथे मिलीमीटरच्या शंभराव्या भागावरून जॉब रिजेक्ट होतो तिथे ही जवळजवळ नऊ मिलीमीटरची चूक.

“सर, माझं प्रोग्रामिंगच कच्चं आहे,” तो म्हणाला. बजाजनगरच्या खोलीवर त्याने प्रोग्रामिंगचे व्हिडिओ दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले होते आणि आता तिसऱ्यांदा बघायला बसणार होता. मी त्याला थांबवलं, कारण त्याचं प्रोग्रामिंग कच्चं नव्हतं. जी-शून्य-एक हा कोड काय करतो, लेथवर एक्स हे माप व्यासाचं असतं की त्रिज्येचं, हे सगळं त्याने नीट सांगितलं. खोट दुसरीकडे होती. ती सापडेपर्यंत त्याने व्हिडिओ दहा वेळा पाहिले असते तरी गाडी तिथेच अडली असती.

ती शोधायला आम्हाला दीड तास लागला. मी म्हटलं, टेपरचं, म्हणजे निमुळत्या भागाचं, सूत्र सांग. त्याने घडाघडा सांगितलं: मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले दोन गुणिले लांबी. मग तो दोन कुठून आला? गप्प. ठीक आहे, टेपर कागदावर काढ. त्याने बाजूने दिसतो तसा आकार काढला, डावीकडे अरुंद, उजवीकडे रुंद. आता यातला काटकोन त्रिकोण दाखव. पेन्सिल हवेत थांबली. मी मधून अक्षाची रेषा मारायला लावली, तेव्हा त्याला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोण दिसले. तो ‘दोन’ तिथून आला होता. त्याने वरचा त्रिकोण धरला होता आणि खालचा विसरला होता.

इथे थांबलो असतो तर त्या दिवसापुरतं काम भागलं असतं. पण मला अजून एक शंका होती. विचारलं, या त्रिकोणाची लांबी ५० ऐवजी १०० केली आणि उंचीही दुप्पट केली, तर कोनाचं काय होईल? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “वाढेल ना सर. त्रिकोण मोठा झाला.”

हा खरा तळ होता. आकार वाढला तरी गुणोत्तर तेच राहिलं तर कोन हलत नाही. ही समरूपतेची गोष्ट आहे, आणि तिच्याही खाली सहावी-सातवीतलं गुणोत्तर आणि प्रमाण आहे. अडचण दिसत होती सीएनसीच्या मशीनवर आणि तिचं मूळ होतं शाळेच्या बाकावर, मधे तीन मजले. हा मुलगा मठ्ठ नाही. दहावीला त्रिकोणमितीत त्याला बरे गुणही पडले होते, कारण तिथे टॅन म्हणजे सामोरी बाजू भागिले लगतची बाजू एवढं पाठ असलं की भागत होतं.

तांत्रिक विषयांचं हेच आहे. इतिहासात एखादं प्रकरण सुटलं तर पुढचं प्रकरण वाचता येतं, थोडं धूसर लागतं एवढंच. पण यंत्र, वीज, संगणक, रसायन या विषयांत प्रत्येक वीट खालच्या विटेवर बसलेली असते. खालची हलली तर आवाज वरून येतो आणि माणूस वरच शोधत राहतो. रॉबर्ट गान्ये या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये यावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. विमानदलातल्या प्रशिक्षणाचा त्याला अनुभव होता. त्याची रीत अगदी साधी होती: शेवटचं काम समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे करता येण्यासाठी माणसाला आधी काय करता यायला हवं? जे उत्तर मिळेल त्यालाही तोच प्रश्न विचारायचा, आणि न अडखळता करता येईल अशी पायरी लागेपर्यंत उतरत राहायचं. प्रश्न ‘काय माहीत आहे’ असा नाही, ‘काय करता येतं’ असा आहे. माझ्या मते सगळी गोम या शब्दात आहे. माहीत तर त्या मुलाला सूत्रसुद्धा होतं.

उतरताना एक अडचण येते आणि ती मनातली असते. चोवीस वर्षांचा कमावता माणूस सहावीचं पुस्तक हातात घ्यायला लाजतो. खोलीतले सोबती बघतील, हसतील. मी त्याला बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ उतरवून दिली. मोबाइलवर काय उघडलं आहे ते कुणाला दिसत नाही. ही लाज मी हलकी मानत नाही. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत तांत्रिक शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी आहे. इथल्या औरंगाबाद शहरात मिलिंद महाविद्यालय आलं १९५० साली, विद्यापीठ १९५८ साली आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली. म्हणजे दोन-तीन पिढ्यांची तर गोष्ट. ज्याच्या घरी आजोबा किंवा वडील इंजिनिअर असतात, त्याची अशी खोट जेवताना, गप्पांत, नकळत भरून निघते. इतरांना ती मुद्दाम, ठरवून, वेळ काढून भरावी लागते. म्हणूनच यांच्यासाठी आखलेला अभ्यास ही चैन नाही, गरज आहे.

तळ सापडला तेव्हा मी सूत्र समजावत बसलो नाही. आलेखाचा कागद घेतला, कोनमापकाने १० अंशांची तिरकी रेषा मारायला लावली आणि ५०, १०० व १५० मिलीमीटरवर उभ्या उंच्या मोजायला सांगितल्या. त्याने साध्या पट्टीने मोजल्या: ९, साडेसतरा, साडेसव्वीस. आता प्रत्येक उंचीला तिच्या लांबीने भाग. ०.१८, ०.१७५, ०.१७७. तो थांबला आणि स्वतःहून कॅल्क्युलेटरवर टॅन १० दाबलं. ०.१७६३. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. “म्हणजे हे बटण नाहीये. हा भागाकार आहे,” तो म्हणाला. आठ वर्षांपासून टॅन हे त्याच्यासाठी एक बटण होतं.

सगळ्या उणिवा इतक्या खोल नसतात. काही नुसत्या शब्दांच्या असतात. याच मुलाला ‘रेशो’ म्हटलं की घाम फुटायचा आणि ‘गुणोत्तर’ म्हटलं की कळायचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पुस्तकं इंग्रजी आणि मशीनवरचा अलार्मही इंग्रजी. त्याच्या डोक्यात एकाच गोष्टीचे दोन कप्पे होते आणि त्यांच्यामध्ये दार नव्हतं. या शहराला हा प्रश्न नवा नाही. उर्दूला विज्ञानाची भाषा करण्यासाठी झटणारे मौलवी अब्दुल हक यांनी १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूची सूत्रं घेतली, आणि पुढची बरीच वर्षं त्या संस्थेचं काम औरंगाबादहून चाललं. १९१८ साली हैदराबादेत सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवत असे, आणि त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. ते काम मोठं होतं. पण निजामाच्या राज्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना तीही परकीच भाषा होती, आणि त्यांच्या वाट्याला दुसरी दरी आली. आज त्या जागी इंग्रजी आहे. शब्दाची उणीव भरायला मात्र वेळ लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर दोन रांगा, एका बाजूला मशीनवरचा शब्द, दुसऱ्या बाजूला शाळेतला. रेशो आणि गुणोत्तर, सिमिलर आणि समरूप, टॉलरन्स आणि किती फरक चालेल ते. आठवड्याभरात त्याची चाळीसेक शब्दांची यादी झाली, आणि त्यातले निम्मे त्याला आधीच येत होते, फक्त दुसऱ्या नावाने.

काही गोष्टी तर भरायच्याच नसतात. २५ एच७ म्हणजे भोकाचं माप २५.००० ते २५.०२१, हे पाठ करायचं कारण नाही, तक्ता भिंतीवर लावलेला असतो. मोठं अक्षर भोकाचं, लहान अक्षर शाफ्टचं, आणि तो आकडा जितका लहान तितकं काम बारीक, एवढं मात्र समजलेलं हवं, नाहीतर तक्ता असूनही वाचता येत नाही. कुठली गोष्ट डोक्यात ठेवायची आणि कुठली भिंतीवर हे न ठरवता अनेक जण सगळंच पाठ करायला बसतात आणि दमून सोडून देतात.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलगा सुरुवातीला व्हाइससमोर उभा राहतो आणि माइल्ड स्टीलचा ठोकळा कानशीने घासतो. दिवसच्या दिवस. बघणाऱ्याला ती शिक्षा वाटते, पण त्यात जी शिस्त आहे तिच्या तोडीची अभ्यासाची रीत मी पुस्तकांत फार थोडी पाहिली आहे. ठोकळ्याची बाजू घासून झाली की हाताला ती गुळगुळीत लागते, डोळ्याला सपाट दिसते. मग तिच्यावर गुण्या, म्हणजे ट्राय स्क्वेअर, टेकवून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. पात्याच्या खालून उजेडाची बारीक फट दिसते. जिथे उजेड येत नाही तिथे उंचवटा आहे, घासायचं फक्त तिथे. आणखी काटेकोर काम असेल तर सरफेस प्लेटवर निळा रंग पातळ लावून ठोकळा त्यावर फिरवायचा. उंच ठिपक्यांना निळं लागतं, तेवढेच ठिपके खरवडायचे. अख्खी बाजू पुन्हा घासणारा मुलगा दिवसभर घाम गाळतो आणि ठोकळा फक्त लहान होतो, सपाट होत नाही.

अख्खं प्रकरण पुन्हा वाचणं म्हणजे अख्खी बाजू पुन्हा घासणं. आणि ‘वाचलं की कळतं’ हा हाताला लागलेला गुळगुळीतपणा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी २००६ मध्ये हे आकड्यांत दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं उलटलं: वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढणाऱ्यांच्या ५६. म्हणजे आज रात्री जी पद्धत आपल्याला जास्त आल्यासारखी वाटते, तीच आठवड्याने दगा देते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून बघणं हा आपला गुण्या. फट तिथे दिसते. शिवाय आठवण्याच्या त्या धडपडीने ते जास्त पक्कं होतं. मोजणं आणि घासणं एकाच फटक्यात होतं, ही सोय फिटरलासुद्धा नाही.

त्या मुलाची वेळापत्रकाची अडचण खरी होती. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, पुढे सेकंड, मग थर्ड. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास, असले आदर्श तक्ते अशा माणसाच्या कामाचे नाहीत. आम्ही घड्याळाची वेळ ठरवलीच नाही, शिफ्टशी नातं ठरवलं. झोपून उठल्यावर जेवणाआधी चाळीस मिनिटं, शिफ्ट कुठलीही असो. पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची: काल काय केलं, आठवड्यापूर्वी काय केलं, न बघता. त्यानंतर एकच नवी पायरी, तीही आधी सोडवलेल्या उदाहरणावरून. नवख्या माणसाला थेट कोडं दिलं की त्याची सगळी ताकद चाचपडण्यात जाते. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकाने १९८०च्या दशकात बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर हे तपासलं होतं: सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं बारकाईने पाहणारी मुलं पुढे लवकर आणि कमी चुका करत सोडवू लागतात. आम्ही त्यात एक भर घातली. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यातली शेवटची ओळ झाकलेली, तिसऱ्यातल्या शेवटच्या दोन, असं करत करत पाचवं पूर्ण कोरं. उरलेला वेळ चुकांच्या वहीचा.

ती वही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. उत्तर चुकलं की नुसतं बरोबर उत्तर लिहायचं नाही, चूक कुठल्या मजल्यावरची ते लिहायचं. “खालचा त्रिकोण विसरलो.” “कॅल्क्युलेटर रेडियनवर होता.” “प्रश्नातला इन्क्लुडेड अँगल म्हणजे पूर्ण कोन हे माहीत नव्हतं.” या तीन चुका गुणपत्रिकेत सारख्याच दिसतात, तिन्हींना शून्य. पण पहिलीला चित्र काढायची सवय हवी, दुसरीला एक नजर पुरे आणि तिसरीला एक शब्द. रिचर्ड फाइनमन प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी असताना तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी कोरी वही घेऊन बसले होते आणि तिला नाव दिलं होतं, मला न येणाऱ्या गोष्टींची वही. पदार्थविज्ञानाची एकेक शाखा त्यांनी खोलून, तपासून पुन्हा जोडली. इतक्या हुशार माणसाला ही वही लागली, हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

वर्गात हे का होत नाही, असं वाटेल. वर्गात वेळ ठरलेला असतो आणि समज कमी-जास्त होते. पहिला धडा ज्याला साठ टक्के कळला तोही दुसऱ्या धड्यात जातो, ज्याला नव्वद टक्के कळला तोही. साठवाल्याची तूट पुढच्या प्रत्येक धड्यावर व्याजासारखी चढत जाते. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये याच्या उलट मांडणी केली: समज ठरवून टाका आणि वेळ कमी-जास्त होऊ द्या. प्रत्येक घटकानंतर छोटी चाचणी, आणि त्यात पक्का झाल्याशिवाय पुढे नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला ते अवघड जातं, त्यात त्याचा दोष नाही. पण एकट्याने शिकणाऱ्याच्या हातात ही मोकळीक असते. त्याच्या अभ्यासक्रमाला कुणी तारीख लावलेली नसते.

आमचं गणित सव्वातीन महिने चाललं. गुणोत्तराला तीन बैठका पुरल्या, समरूपतेला एक आठवडा. मग साइन, कॉस, वर्तुळाचा चाप, आणि मगच पुन्हा टेपर. त्या दिवशी मी तीच तीन मापं दिली. त्याने आधी चित्र काढलं, अक्षाची रेषा मारली, दोन्ही त्रिकोण रंगवले आणि ४७.६३ लिहिलं. पुढे स्वतःच विचारलं की कापणाऱ्या इन्सर्टचं टोक अणकुचीदार नसतं, त्याला गोलाई असते, मग टेपरवर प्रत्यक्ष माप तेच येईल का? नोज रेडियसचा हा प्रश्न अनेक ऑपरेटरांना वर्षानुवर्षं पडत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही पाणचक्कीला गेलो होतो. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतं. पूर्वी त्याच पाण्यावर जातं फिरायचं. उत्तरेकडच्या डोंगरातून ते जमिनीखालच्या नळांनी येतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात याच शहरासाठी अशीच नहर बांधली होती. मी विचारलं, जमिनीखालून आलेलं पाणी भिंतीवर कसं चढतं, पंप तर नाही? “प्रेशरने,” तो लगेच म्हणाला. प्रेशर कुठून आलं? तो बोलायला लागला आणि दुसऱ्याच वाक्यात अडकला. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये कुलूप, कपड्याची चेन, संडासाची टाकी अशा रोजच्या वस्तूंवर हाच प्रयोग केला होता. लोकांना आधी वाटायचं आपल्याला हे समजतं, आणि पायरी-पायरीने समजावून सांगायला लावलं की ते स्वतःच स्वतःला कमी गुण द्यायचे.

पण हा अडकल्यावर गोंधळला नाही. कट्ट्यावर बसला, खिशातून वही काढली आणि उतरायला लागला. पाणी भिंतीवर चढतं. त्यासाठी दाब हवा. दाब येतो वरच्या पाण्याच्या उंचीने. म्हणजे उगम या भिंतीपेक्षा उंच असला पाहिजे, आणि नळ मधे कुठे उघडा नको. पाणी उगमाच्या वर कधीच जाणार नाही, उलट नळात घासून थोडं खालीच राहील. “किती उंचीला किती दाब, सर?” मी सांगितलं, दहा मीटरला सुमारे एक किलो, दर चौरस सेंटिमीटरला. त्याने ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि मान वर केली.

“आमच्या चकचं प्रेशर वीस केजी असतं. म्हणजे दोनशे मीटर पाणी वर उभं आहे असं?” मी हो म्हटलं. तो भिंतीकडे बघत मनात काहीतरी मोजत होता. “ही तर एक केजीचीपण नाही दिसत,” तो म्हणाला, आणि भिंतीची उंची कशी काढायची म्हणून सावली मोजायला पायरीवरून खाली उतरला.